फाटक्या आवाजाची गिटार

चितेगावात पैठण रस्त्याला लागून माझे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान होते. 'होते' अशासाठी की, आता त्या जागी मुलाने मोबाइलचे दुकान थाटले आहे आणि मला कोपऱ्यात एक स्टूल दिले आहे. तीस वर्षांत माझ्या हाताखालून किती यंत्रे गेली याचा हिशेब मी ठेवला नाही. पण एका यंत्रातला मला न सापडलेला बिघाड मात्र अजून लक्षात आहे. त्या बिघाडाचीच ही हकीकत.

१९८८ सालचा उन्हाळा. आमच्या भागात कारखानदारी वाढत होती आणि परगावचे तरुण इंजिनियर गावात भाड्याने खोल्या घेऊन राहू लागले होते. त्यांतल्या एकाने आपला टू-इन-वन माझ्याकडे टाकला. तक्रार साधी, टेप अडकते. मी रबरी पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसले आणि आत राहिलेली त्याचीच कॅसेट लावून पाहिली.

एक पुरुष इंग्रजीत गाऊ लागला. एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. तो थांबला की गिटार उत्तर द्यायची. गाणे झकास होते, पण गिटारचा आवाज फाटत होता. मी मनात म्हटले, स्पीकरचा कागद गेला. कागद तपासला, तो शाबूत. दुसरा स्पीकर जोडला, तरी आवाज तसाच. कंडेन्सर बदलले, सोल्डरिंग पुन्हा केले. दुपार टळून गेली. शेवटी सुचले, आणि दुकानातली भीमसेनांच्या अभंगांची कॅसेट लावली. आवाज कसा स्वच्छ, खणखणीत! यंत्रात काहीच बिघाड नव्हता. फाटका होता तो गाण्यातला आवाजच, आणि तो तसाच ठेवलेला होता.

मी जेवायला आलो नाही म्हणून आमची माय भाकरी घेऊन दुकानात आली. मी पुन्हा ती इंग्रजी कॅसेट लावली होती. माय पायरीवर टेकली आणि ऐकू लागली.

"कामून रडायलाय रे हा?"

"इंग्रजी गाणं आहे माय. मला तरी कुठं कळतंय?"

आणखी थोडे ऐकून ती म्हणाली, "एकच ओळ दोनदा म्हणायलाय बघ. पुढची सुचेस्तवर. दळताना आम्ही असंच करायचो."

संध्याकाळी तो तरुण आला तेव्हा मी त्याला हे सांगितले. तो थक्कच झाला. म्हणाला, "काका, तुमच्या आईनं बरोबर ओळखलं. या गाण्याची घडणच तशी. एक ओळ दोनदा आणि तिसरी तिचं उत्तर. याला ब्लूज म्हणतात. गाणारा मडी वॉटर्स, शिकागोचा." दुरुस्तीचे पैसे देऊन तो निघाला आणि जाताना ती कॅसेटही मला ठेवून गेला.

विजेची गिटार मला अपरिचित नव्हती. व्हॅन शिप्ले यांनी गिटारवर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या रेडिओवर लागत. कधी त्यांच्यामागोमाग पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचे अ‍ॅकॉर्डियन लागे. ती गिटार कशी, तर साखरेच्या पाकासारखी. शिकागोची गिटार मात्र भांडायला उठल्यासारखी होती. एकाच यंत्राचे हे दोन स्वभाव कसे, याचा मी पुढे बरीच वर्षे मिळेल तिथून शोध घेतला.

तवा आणि तुणतुणे

गंमत अशी की, ही दोन्ही भावंडे एकाच तव्यावरची. पहिली यशस्वी विजेची गिटार १९३२ साली अमेरिकेत लॉस एंजलिस येथे विक्रीला आली. जॉर्ज बोशॅम्प आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर हे तिचे जनक. अ‍ॅल्युमिनियमची, गोल पोटाची आणि लांब दांड्याची. लोकांनी तिचे नावच 'तळणीचा तवा' ठेवले! ती होती हवाईयन गिटार. मांडीवर आडवी ठेवून तारेवर लोखंडी कांब सरकवत वाजवायची.

तिची करामत सोपी आहे. लोखंडी तारेजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवायचे. तार थरथरली की वेटोळ्यात किंचित वीज उत्पन्न होते. ती अ‍ॅम्प्लिफायरने मोठी करायची आणि स्पीकरला द्यायची. लाकडी गिटारचा सूर चटकन विझतो. हा सूर लांबतो. लांबला म्हणजे बोटाने ओढता येतो, थरथरवता येतो, आपल्या मींडेसारखा. बँडमधल्या कर्ण्यांच्या आणि ड्रमच्या गदारोळात गिटारला कोणी विचारत नसे. ती बिचारी मागे ठेका धरून बसे. वीज मिळाली आणि ती दुसरी गायिका होऊन पुढे आली.

ब्लूज गाणारे कृष्णवर्णीय लोक हे मिसिसिपीकडच्या कापूसपट्ट्यातले. त्यांचे आजे-पणजे गुलाम, हे कापूस वेचणारे वाटेकरी. तिथली गरीब मुले घराच्या लाकडी भिंतीला दोन खिळे ठोकून त्यांवर एक तार ताणत आणि बाटलीचा तुकडा तारेवर सरकवत वाजवत. हे मी वाचले तेव्हा मला आमचे तुणतुणे आठवले. एकच तार, पण हजार गाऱ्हाणी सांगणारी.

मराठवाड्याला या लोकांची ओळख तशी जुनी. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी मिलिंद महाविद्यालयात त्यांच्या साहित्याची चर्चा सुरू केली, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्यांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, तिचे नावच मुळी तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. कविता आल्या, विचार आले. गाणे मात्र वाटेतच कुठेतरी राहून गेले. माझ्या दुकानात ते अडकलेल्या टेपमधून आले.

ट्रॅक्टरवाला आणि त्याची तबकडी

मडी वॉटर्सचे खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवले. चिखलात खेळायचा म्हणून 'मडी'. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हल मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवी आणि शनिवारी रात्री गाई. १९४१ सालच्या ऑगस्टमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे दोन संशोधक लोकगीते जमवत तिथे आले. लोमॅक्स अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी काम करणारा, वर्क हा कृष्णवर्णीयांच्या फिस्क विद्यापीठातला संगीताचा प्राध्यापक. मोटारीत त्यांनी तबकडी कापण्याचे यंत्र आणले होते. ट्रॅक्टरवाल्याचे गाणे त्यांनी घेतले आणि लगेच त्याला वाजवून दाखवले.

स्वतःचा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला. इतरांच्या तबकड्यांसारखाच आपलाही आवाज आहे, मग आपणही हे करू शकतो, असे त्याला त्या क्षणी वाटले. पुढे लोमॅक्सने त्याला तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलर पाठवले. पठ्ठ्याने एक प्रत कोपऱ्यावरच्या खाणावळीतल्या जूकबॉक्समध्ये घातली आणि ऐकत बसला. १९४३ साली मालकाशी मजुरीवरून वाजले आणि त्याने शिकागोची गाडी पकडली.

गाडी पकडणारा तो एकटा नव्हता. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. १९४४ साली तर क्लार्क्सडेलजवळच कापूस वेचणाऱ्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. हातांची गरज संपत चालली होती. आमच्याकडच्या दुष्काळात मुंबईच्या वाटेला लागलेल्यांना हे काही समजावून सांगायला नको.

शिकागोत मडीने कागदाच्या कारखान्यात काम केले, मालमोटार चालवली आणि रात्री तो गुत्त्यांमध्ये वाजवू लागला. पण गावच्या अंगणात पुरणारी लाकडी गिटार त्या गोंगाटात कोणाला ऐकू येणार? मग त्याने विजेची गिटार घेतली. शहराच्या मॅक्सवेल रस्त्यावर रविवारी बाजार भरे. तिथे वाजवणारे लोक शेजारच्या घराच्या खिडकीतून वायर ओढून अ‍ॅम्प्लिफायर लावत. हे वाचून मला आमच्या गणपतीच्या मांडवाची आठवण झाली. वीज कुठून घेतली हे विचारू नये. आवाज कसा येतो ते पाहावे!

सोळा वर्षांचा पोर आणि बर्फाच्या पेटीवरची बाई

विजेवरच्या ब्लूजचा पाया मडीच्या आधीच घातला गेला होता. १ मार्च १९३८ रोजी शिकागोत बिग बिल ब्रून्झीच्या तबकडीवर विजेची गिटार वाजली. वाजवणारा जॉर्ज बार्न्स. गोरा, आणि वय अवघे सोळा. ब्लूजमधल्या अगदी पहिल्या विद्युत् ध्वनिमुद्रणांत ही तबकडी मोडते. टेक्सासचा टी-बोन वॉकर हा मात्र या घराण्याचा खरा मूळपुरुष. लहानपणी तो डलासच्या रस्त्यांवर आंधळ्या लेमन जेफरसनचा हात धरून त्याला फिरवी. गाणे तिथेच कानी पडले. १९४२ साली त्याने विजेच्या गिटारवर तबकडी दिली आणि १९४७ सालचे त्याचे 'स्टॉर्मी मंडे' तर पुढच्या प्रत्येक गिटारवाल्याची पहिली बाराखडी ठरले. तो गिटार मानेमागे धरून वाजवी. पण त्या कसरतीपेक्षा मोठी गोष्ट ही की, एकेक सूर सुटा काढून त्याला माणसासारखे बोलायला लावणे त्याने शिकवले.

आणि एक बाई. मेम्फिस मिनी. १९२९ पासून तिच्या तबकड्या निघत होत्या. १९४२ सालच्या शेवटच्या रात्री शिकागोच्या एका क्लबात ती बर्फाच्या पेटीवर बसून विजेची गिटार वाजवत होती आणि श्रोत्यांत लँग्स्टन ह्यूज हा थोर कवी होता. पुढच्याच महिन्यात त्याने वर्तमानपत्रात तिच्यावर लिहिले. त्याला त्या आवाजात वेल्डिंगच्या ठिणग्या आणि पोलादाच्या गिरणीचा खडखडाट ऐकू आला. ज्या कारखान्यांत माणसे दिवसभर राबत, तेच रात्री बाईच्या गिटारमधून गात होते.

१९४८ च्या एप्रिलमध्ये मडीने दोन गाणी दिली. एक त्याची गिटार, एक मोठा खर्जाचा बास, बस्स. गाणी जुनीच, मळ्यावरची. लोमॅक्सपुढे गायलेलीच जरा फिरवून म्हटलेली. फक्त आता तारांत वीज होती. पहिली खेप एका दिवसात संपली असे सांगतात. गाव सोडून आलेल्या माणसांना आपले गाव शहराएवढ्या मोठ्या आवाजात ऐकायला मिळाले, हेच त्यामागचे मर्म. तबकडी काढणारी कंपनी पुढे पोलंडहून आलेल्या लिओनार्ड आणि फिल चेस या भावांच्या नावाने 'चेस' म्हणून प्रसिद्ध झाली. पैशांचा हिशेब मात्र सरळ नव्हता. १९७० च्या दशकात मडी वॉटर्स आणि गीतकार विली डिक्सन यांना आपल्याच गाण्यांच्या मानधनासाठी प्रकाशकांवर दावे लावावे लागले.

त्याच १९४८ साली डेट्रॉइटला जॉन ली हुकर याने एकट्याने गिटार वाजवत, पायाने ठेका देत गाणे भरले. त्या तबकडीत पायाचा आवाजही ऐकू येतो. आणि मेम्फिसचा बी. बी. किंग! १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी तो वाजवत असताना दोन माणसे भांडली, जळते रॉकेल सांडले, लाकडी घर पेटले. बाहेर पळालेला किंग गिटार आणायला पुन्हा आगीत शिरला. भांडण ल्युसील नावाच्या बाईवरून झाले हे कळल्यावर त्याने गिटारचे नाव 'ल्युसील' ठेवले, असला वेडेपणा पुन्हा करू नये याची आठवण म्हणून. तो गात असता ल्युसील गप्प राही आणि तो थांबला की ती गाई.

आता माझ्या बिघाडाकडे येतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे त्याच्या ताकदीबाहेर आवाज मागितला की लाटेची टोके कापली जातात आणि सूर फाटतो. आम्हा कारागिरांच्या शब्दकोशात हा दोष! पण १९५१ सालच्या मार्चमध्ये आइक टर्नरची मंडळी 'रॉकेट ८८' हे गाणे भरायला मेम्फिसला निघाली, तेव्हा वाटेत त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरला इजा झाली. ध्वनिमुद्रक सॅम फिलिप्सने फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि तोच भरभरता आवाज तबकडीत घेतला. विली किझार्टची ती फाटकी गिटार लोकांनी डोक्यावर घेतली. मी असतो तर स्पीकर बदलून दिला असता आणि इतिहास बिघडवला असता!

एकाच तबकडीवर

२०११ साली मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, महिंद्र कंपनीने ब्लूजचा महोत्सव भरवला आणि चेसच्या काळातला बडी गाय स्वतः येऊन वाजवून गेला. मला जाता आले नाही. पण आपल्या आणि त्यांच्या गाण्याची गाठ त्याआधीच फार उंचावर पडली आहे. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात आंधळ्या विली जॉन्सनची १९२७ सालची गिटार आहे, चेससाठी गायलेल्या चक बेरीची विजेची गिटार आहे आणि गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. ही सारी मंडळी आज साऱ्या ग्रहांच्या पलीकडे एकत्र प्रवास करीत आहेत.

हे ऐकले तेव्हा आनंद झाला आणि लगेच घरातली गोष्ट आठवून मी खाली आलो.

माझ्या लहानपणी पहाटे जात्याची घरघर आणि मायची ओवी यांनीच जाग येई. मग गावात विजेवरची पिठाची गिरणी आली. जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीही. तिकडे विजेने गाणे मोठे केले. इकडे विजेने ते बंद केले. मी एकदा मायजवळ ही हळहळ व्यक्त केली तर ती माझ्यावरच उखडली. "तुला काय जातंय बोलायला! गाणं गेलं तर गेलं, खांदे तर राहिले माझे." तिचे म्हणणे मला मान्य आहे. गिरणीच्या रांगेत पहिल्या दिवशी ती सगळ्यांत पुढे उभी होती.

दोष विजेचा नाही. मिसिसिपीत मोटारीतून यंत्र घेऊन कोणी आले, म्हणून ट्रॅक्टरवाल्याला आपला आवाज ऐकू आला. आपल्याकडेही पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. पण आमच्या घरी कोणी दुरून येण्याची गरजच नव्हती. माझे दुकान टेपरेकॉर्डरांनी भरलेले होते. मी मांडवाचे माइक दुरुस्त केले, कीर्तनकारांचे केले, पुढाऱ्यांचे केले. मायपुढे माइक कधी ठेवला नाही. तिचे गाणे गाणे आहे, हे मला त्या कॅसेटनंतरही उमगले नाही. करू कधीतरी, म्हणत राहिलो. २००९ साली ती गेली.

दुकान आवरताना एक जुनी कॅसेट सापडली. रात्री घरी एक माइक दुरुस्त करून तपासत होतो, त्या वेळची. तिच्यात मी मोठ्याने म्हणतो आहे, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन." आणि माझ्या मागे, दूर, जोंधळे निवडता निवडता माय ओवी म्हणते आहे. एक ओळ. पुन्हा तीच ओळ. तिसरी येते तेवढ्यात मी पुन्हा "हॅलो" म्हणतो.

मुलाने संगणकावर घालून पाहिले. माझा आवाज कमी केला की तिचाही जातो. आता मी ती कॅसेट आहे तशीच ऐकतो, माझ्या फाटक्या आवाजासकट.

वाचकहो, तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आज माझ्या साऱ्या दुकानापेक्षा चांगले ध्वनिमुद्रणयंत्र आहे. या दिवाळीत फराळ झाला की घरातल्या थोरल्या माणसाजवळ बसा. ओवी, पाळणा, आरती, जे येत असेल ते म्हणायला सांगा. यंत्राचे बटण दाबा. आवाज फाटला तरी चालेल. फक्त, ते म्हणत असतील तोवर आपण गप्प बसा.